सावडीची मोटार

तळेगावच्या श्रीपाद खांबेट्यांनी साठ वर्षांच्या आयुष्यात विचार न करता एकच वाक्य उच्चारलं, आणि तेही लोणावळ्याजवळच्या औंढ्याला, भर रस्त्यावर, बारा माणसांच्या देखत. "कधीही हाक मारा" हे ते वाक्य.

आता हे वाक्य तुम्हीआम्ही सगळेच म्हणतो. जिन्यात म्हणतो, दवाखान्याबाहेर म्हणतो, लग्नात हात धुताधुता म्हणतो. म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की हाक येणार नाही, आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की ती मारायची नसते. सगळा पांढरपेशा समाज या समजुतीवर सुखाने नांदतो आहे. पण औंढ्यापर्यंत ही समजूत पोचलेली नाही, हे श्रीपादरावांना कुणी सांगितलं नव्हतं.

निमित्त झालं मोटारीचं. श्रीपादराव नुकतेच निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात पंपांची ड्रॉइंगं काढली. इतके पंप काढले, पण एकाही पंपाचा नट स्वतःच्या हाताने आवळला नाही, असं निरोपसमारंभात कुणीतरी गमतीने बोलून गेलं. सगळे हसले. श्रीपादरावही हसले, पण ते त्यांना लागलं. घरी येऊन शाल आणि नारळ टेबलावर ठेवत ते म्हणाले, "सुनेत्रा, मी आता हातांनी काहीतरी करणार." सुनेत्राबाई शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे मुद्द्यावर यायला त्यांना वेळ लागत नाही. त्यांनी लगेच मोरीतला गळका नळ दाखवला. श्रीपादरावांच्या मनात नळ नव्हता.

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाही पुढच्या रविवारी कळलं. वर्षाचा इंद्रायणी तांदूळ ते औंढ्याच्या दत्तोबांकडून आणतात. दत्तोबा पोतं काढायला आत गेले आणि इकडे श्रीपादरावांना गोठ्याच्या कोपऱ्यात पेंढ्याखालून दोन गोल दिवे दिसले. पेंढा बाजूला केला तर आत एक बुटकी, दोन माणसांची, टप नसलेली विलायती मोटार. लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्या शेटजींची ती हौस होती. दत्तोबा तेव्हा त्यांच्याकडे माळीकाम करायचे. बंगला विकताना शेटजींनी "दोन दिवस राहू दे तुझ्याकडे" म्हणून गाडी औंढ्याला पाठवली, त्याला एकतीस वर्षं झाली. शेटजी केव्हाच वारले. मुंबईतल्या त्यांच्या भाचीला फोन केला तर ती म्हणाली, "न्या हो एकदाची, कागदांवर सह्या करून पाठवते." दत्तोबांना म्हशीसाठी जागा हवीच होती. म्हणजे सगळे राजी होते. राजी नव्हती फक्त एक कोंबडी. ती डाव्या सीटवर अंडी घेऊन बसली होती.

"खुडूक हाय ती," दत्तोबांच्या बायको शालूबाई म्हणाल्या. "तिला उठवायची न्हाई."

"मग कधी न्यायची गाडी?"

"पिल्लं निघू द्या की. पंधरा दिस लागतील."

श्रीपादराव थांबले. मधल्या काळात तीनदा जाऊन कोंबडीची चौकशी करून आले, आणि तिला धक्का न लावता गाडीची मापं घेऊन एक मोठं ड्रॉइंग काढलं. ते ड्रॉइंग अजून त्यांच्याकडे आहे. त्यात कोंबडी तुटक रेषेने दाखवली आहे.

सुनेत्राबाईंनी ड्रॉइंग नीट पाहिलं.

"दोनच सीट?"

"दोनच."

"आणि सामान?"

"सामान कशाला हवं?"

"मग माणसं तरी कशाला हवीत?"

श्रीपादरावांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ही गाडी मी माझ्या हातांनी उभी करणार आणि पहिल्यांदा रस्त्यावर मीच चालवणार. तोवर स्टिअरिंगला कुणी हात लावायचा नाही. हे त्यांनी सुनेत्राबाईंना सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून दत्तोबांनाही सांगितलं. दत्तोबा म्हणाले, "बरं."

पिल्लं निघाली. आता गाडी रस्त्यावर कशी आणायची? टायर कुजलेले, चाकं जाम, आणि गोठ्यापासून रस्त्यापर्यंत भाताची तीन खाचरं. ट्रॅक्टरने ओढली असती तर पुढचा अर्धा भाग रस्त्याला लागला असता आणि मागचा अर्धा म्हशीबरोबर राहिला असता. दत्तोबांनी गाडीच्या अंगावर थाप मारून पाहिली. ती पत्र्याची नव्हती, फायबरची होती. "हलकी हाय की," ते म्हणाले. "उचलू." त्यांनी बांधावर उभं राहून चार हाका मारल्या आणि बारा माणसं जमली. कुणी न्याहारी टाकून आला होता, कुणाच्या गालाला साबण होता. बारा जणांनी गाडी उचलली आणि "हं, दमानं" म्हणत बांधाबांधाने नेऊन टेम्पोत ठेवली. श्रीपादराव ड्रॉइंग हातात धरून पुढे पळत होते आणि "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून गाडी नीट पोचली.

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. दत्तोबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पैसं ठिवा आत, सायेब. ही सावड हाय."

श्रीपादरावांनी पाकीट परत खिशात ठेवलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासाठी कुणी स्टूलसुद्धा उचललं नव्हतं. त्या भरात त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं. "आबा, कधीही हाक मारा. कसलंही काम असो."

"बरं," दत्तोबा म्हणाले, आणि बाराही जणांनी माना हलवल्या.

सावड म्हणजे काय, तर आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. ती कुणी कुठे लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही.

गाडी तळेगावला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं पडलं की यात बॅटरी बसवा. तळमजल्यावरच्यांना वाटत होतं की ती घाटातल्या एखाद्या हॉटेलासमोर उभी करून फोटोसाठी भाड्याने द्यावी. एका वहिनींनी आत माती भरून गुलाब लावायचं सुचवलं, आणि गंमत म्हणजे तळाला इतकी भोकं होती की पाण्याचा निचरा उत्तम झाला असता. सोसायटीचे सचिव यशोधन सबनीस यांनी सल्ला दिला नाही. त्यांनी नोटीस दिली. सार्वजनिक जागेत भंगार ठेवण्यास मनाई आहे, असं त्या नोटिशीत होतं. भंगार हा शब्द श्रीपादरावांना झोंबला. त्यांनी खाली लिहिलं, "सदर वस्तू मोटार आहे," आणि सही केली. त्याखाली यशोधनांनी लिहिलं, "सिद्ध करा."

सिद्ध करायला मेकॅनिक हवा होता. तळेगावातले दोन मेकॅनिक गाडी बघून हसले आणि तिसरा तिच्यासमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढून गेला. शेवटी दत्तोबांनी सांगितलं, "आमचा अंबाजी हाय की. गाडी उचलाया व्हता तो." अंबाजी औंढ्याचे जावई. लोणावळ्यात त्यांचं गॅरेज होतं, आणि बंगलेवाल्यांच्या जुन्या गाड्या त्यांनी तीस वर्षं सांभाळल्या होत्या. हल्ली गुडघ्यांमुळे काम कमी केलं होतं. त्यांनी बॉनेट उघडून आत नाक घातलं, बराच वेळ तसेच राहिले आणि म्हणाले, "व्हईल. पर पैसं न्हाई घेनार. सावडीनं करू."

श्रीपादरावांना हे फारच थोर वाटलं. माणूस शिकलेला असला की त्याला थोरपणा लगेच दिसतो आणि हिशेब फार उशिरा दिसतो.

पहिली हाक पावसाळ्यात आली. सोपान नावाच्या शेतकऱ्याचा फोन. "सायेब, म्या गाडीचा मागचा डावा कोपरा धरलाता. उद्या लावणी हाय." श्रीपादराव भाताची लावणी करायला गेले. त्यांनी सोबत दोरी आणि मीटरपट्टी नेली. दोन तासांत त्यांची एक ओळ लागली, पण अशी सरळ की त्यावर रूळ टाकावेत. तेवढ्या वेळात बायकांनी अर्धं खाचर उरकलं होतं. शेजारून शालूबाई लावत पुढे गेल्या, पुन्हा लावत मागे आल्या आणि म्हणाल्या, "कागदावर लावताय व्हय, सायेब? ते रोप मरंल वाट बघून." मग त्यांना रोपांच्या जुड्या वाहायचं काम दिलं. ते त्यांना जमलं. संध्याकाळी त्यांच्या पानात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आली. जन्मभर शाकाहारी असलेल्या श्रीपादरावांनी चटणी शालूबाईंना परत दिली आणि भाकरी चार खाल्ल्या.

मग हाका येतच राहिल्या. कुणाची विहीर उपसायची होती, कुणाच्या पडवीची कौलं चाळायची होती. एकाला वडगावला सातबाऱ्याच्या कामाला सोबत हवी होती, कारण त्याच्या आजोबांचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच होतं. श्रीपादराव पाच वेळा वडगावला गेले. "मला काही येत नाही," हे वाक्य त्यांनी मनात पुष्कळदा तयार केलं, पण आपली गाडी बारा माणसांच्या खांद्यावरून आली होती हे आठवलं की ते तोंडातून निघेना.

अंबाजींची सावड मात्र सगळ्यांत जड गेली. गाडी टेम्पोने लोणावळ्याला अंबाजींच्या अंगणात गेली होती. सोमवार ते शुक्रवार ते तिचं काम करायचे, आणि शनिवार-रविवारी त्यांच्या बायकोची भुशी धरणापाशी कणसांची हातगाडी असायची. पावसाळ्यात तिथे पर्यटकांची जत्रा लोटते. अंबाजींचे गुडघे पावसात तासभरही उभं राहू देत नव्हते. तेव्हा शेगडीला वारा घालायला आणि कणसाला तिखटमीठ चोळायला कोण? असे आठ शनिवार आणि आठ रविवार श्रीपादराव भुशीच्या रस्त्याला डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून उभे होते.

सहाव्या रविवारी यशोधन सबनीस आले. सोबत बायको, सासू आणि सासरे.

"श्रीपादराव, तुम्ही इथे?"

"हो," श्रीपादराव म्हणाले. खोटं बोलायला वाव नव्हता, हातात कणीस होतं. "कोवळं देऊ की जून?"

सासऱ्यांनी विचारलं, "ओळखीचे का?"

"तोंडओळख आहे," यशोधन म्हणाले.

बावीस वर्षं एका जिन्यात राहून तोंडओळख! श्रीपादरावांनी त्यांच्या कणसाला तिखट जरा जास्तच चोळलं. ते कणीस नेमकं सासूबाईंनी घेतलं, त्यांना ते फार आवडलं, आणि त्यांनी आणखी दोन मागवून जावयाला ऐकवलं की तुमच्या ओळखीची माणसं कष्टाळू दिसतात. तेवढ्यावर श्रीपादरावांनी समाधान मानलं.

इकडे गाडी माणसात येत होती. शेणाच्या थराखालून तिचा मूळ रंग निघाला, आमरसासारखा पिवळा. एका रिसॉर्टच्या घसरगुंड्या बनवणाऱ्या माणसाने तिची फायबरची बॉडी सांधून दिली. उंदरांनी खाल्लेल्या वायरी श्रीपादरावांनी स्वतः, एकेक करून, ड्रॉइंग काढून बदलल्या. अंबाजी नुसते स्टुलावर बसून "आवळा" आणि "सोडा" म्हणायचे. पहिल्यांदा पान्याने नखं फुटली, मग घट्टे पडले. एका संध्याकाळी सुनेत्राबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "हा कुणाचा हात आहे?" त्या थट्टा करत होत्या, पण श्रीपादराव दोन दिवस खुशीत होते.

राहिली होती नोंदणी. तिची मुदत शेटजींच्या हयातीतच संपली होती. ती पुन्हा करायची तर बावीस कागद, आणि त्यातला एक म्हणजे चासी नंबरचा ठसा. लोखंडावर कोरलेल्या नंबरावर कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची, की ठसा उमटतो. शेंबडं पोरही करील असं काम. पण नंबर गंजलेला होता, अर्धे आकडे उमटेनात, आणि श्रीपादराव पडले ड्रॉइंगवाले. त्यांनी ठसा जरा साफ केला. कडा नीट केल्या. आरटीओतल्या एका खिडकीवरच्या बाबूने तो उजेडात धरला.

"हा ठसा नाही. हे काढलंय."

"अहो, फक्त स्वच्छ केलंय."

"गाडीला एवढं चांगलं अक्षर नसतं."

छत्तीस वर्षं ज्या अक्षराला शाबासकी मिळाली त्या अक्षरापायी अर्ज परत आला. मग गचाळ ठसा काढायचा सराव करावा लागला. तो त्यांना अजिबात जमेना. शेवटी अंबाजींनी एका हाताने विडी धरून दुसऱ्या हाताने घासून दिला आणि तो लगेच मंजूर झाला.

असे चौदा महिने गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात तारीख मिळाली. बुधवारी सकाळी दहाला लोणावळ्याच्या तपासणी शिबिरात गाडी दाखवायची. अर्जाची मुदतही त्याच दिवशी संपत होती. बुधवार चुकला की अर्ज बाद, नोंदणी रद्द, आणि गाडी खरोखरच भंगार. इंजिन आठवड्यापूर्वीच अंबाजींच्या अंगणात सुरू झालं होतं. श्रीपादराव आत बसून दहा मिनिटं नुसता आवाज ऐकत राहिले होते. रस्त्यावर त्यांनी ती नेली नव्हती. ते बुधवारसाठी राखून ठेवलं होतं. नवा शर्टसुद्धा शिवला होता.

मंगळवारी संध्याकाळी दत्तोबांचा फोन आला.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या बाराही जणांनी हाक मारली होती. दत्तोबांनी कधीच मारली नव्हती.

"सायेब, उद्या लावणी हाय. शालू पाय घसरून पडली, मनगट मोडलं. रोप लय मोठं झालंय, आता थांबत न्हाई. समद्यांची खाचरं एकदमच आल्यात, मानूस गावंना."

श्रीपादरावांनी हँगरवरच्या नव्या शर्टाकडे पाहिलं. "आबा, उद्या..." ते म्हणाले आणि थांबले.

"न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या," दत्तोबा म्हणाले. "म्या आपलं सांगितलं." आणि फोन ठेवला.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. श्रीपादराव पार्किंगमध्ये आले आणि नको तिथे मन मोकळं करून बसले. मग काय, सगळी सोसायटी मदतीला धावली. ताप आलाय म्हणून कळवा, असं एकाने सुचवलं. वहिनी म्हणाल्या, सरळ मावशी गेली म्हणून सांगा. यशोधन सबनीस आता गाडीच्या बाजूचे झाले होते, कारण फोटोत ती देखणी दिसायला लागली होती. ते म्हणाले, "फोनच बंद ठेवा. गावात रेंज नव्हती म्हणायचं." श्रीपादरावांनी सगळं ऐकून घेतलं. प्रत्येक सल्ला सोपा होता आणि चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःही तोच दिला असता.

वर येऊन ते सुनेत्राबाईंना म्हणाले, "मला औंढ्याला जावं लागेल."

"जा की," सुनेत्राबाई म्हणाल्या. त्या वह्या तपासत होत्या. "गाडी मी दाखवते."

"तू?"

"मी रोज शाळेत गाडी नेते. तुम्ही वळताना थांबता, मी थांबत नाही. रजा टाकते उद्या."

श्रीपादराव खुर्चीत टेकले. पहिल्यांदा मीच चालवणार, हे ते वर्षभर सांगत सुटले होते आणि सांगताना प्रत्येक वेळी त्यांना बरं वाटलं होतं. तेवढ्यासाठी तर सगळं होतं. खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी रडू येत होतं. त्यांनी कपाटातून किल्ली काढली आणि चोक कसा ओढायचा, क्लच कुठे धरतो, दुसरा गिअर कसा अडतो, असं पाऊण तास समजावलं. सुनेत्राबाईंनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चड्डी जुनी घाला. नवा शर्ट राहू दे."

बुधवारी सात वाजता श्रीपादराव दत्तोबांच्या खाचरात होते. दत्तोबांनी त्यांना पाहिलं आणि रोपांची एक जुडी पुढे केली. बाहेरून दोनच माणसं आली होती, सोपान आणि त्याचा भाऊ. शालूबाई हात गळ्यात बांधून बांधावर बसल्या होत्या आणि तिथून सगळ्यांना कामाला लावत होत्या. या वर्षी श्रीपादरावांनी दोरी आणली नव्हती. हात आपोआप चालला. शालूबाईंनी दोनदा पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्याकडून फार होतं. दहा वाजले. श्रीपादरावांची कंबर खाचरात होती आणि जीव शिबिरात. साडेदहा झाले, अकरा झाले. फोन बांधावर पिशवीत होता आणि वाजत नव्हता.

साडेअकराला भोंगा ऐकू आला. अंबाजींनी त्या गाडीला टेम्पोचा भोंगा बसवला होता. सगळ्यांनी वर पाहिलं. रिमझिम पावसात पिवळी गाडी रस्त्यावरून वळली, कच्च्या वाटेवर उतरली, दहा हात सरळ आली आणि चिखलात बसली. स्टिअरिंगवर सुनेत्राबाई, अंगात रेनकोट, आणि शेजारी खाकी वर्दीतल्या निरीक्षक मॅडम, मांडीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल.

झालं होतं असं. गाडी तपासणीत उतरली, पण फॉर्मवर मालकाची सही अधिकाऱ्यासमोर व्हायला हवी होती.

"मालक कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं होतं.

"लावणीला गेलेत."

"शेती आहे?"

"नाही. सावड आहे. चार वाजता येतील."

"शिबिर दोनला बंद होतं." मॅडमनी फॉर्म पुन्हा उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "गाडी रस्त्यावर चालवून बघायचीच असते. औंढं किती लांब?" आणि शेजारी येऊन बसल्या.

आता त्यांनी बसल्या जागेवरून खाचराकडे पाहिलं. चौघे पुरुष गुडघाभर चिखलात उभे होते आणि डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचे होते.

"यातले श्रीपाद खांबेटे कोण?"

श्रीपादरावांनी हात वर केला. मॅडमनी आधारकार्डावरचा फोटो धरून पाहिला, मग सोपानकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. त्यांची खात्री पटेना. "तोंड धुवा," त्या म्हणाल्या. श्रीपादरावांनी पाटाच्या पाण्यात तोंड धुतलं, हात धुतले आणि बॉनेटवर कागद ठेवून सही केली. सही फार सुंदर आली. कोपऱ्यावर चिखलाचा अंगठा उमटला तो उमटलाच. मॅडमनी शिक्का मारला. "रस्त्यावर चांगली चालते," त्या म्हणाल्या. "चिखलात काय करता?"

"उचलतो," दत्तोबा म्हणाले.

शेजारच्या खाचरांतून हाकेसरशी आठ-नऊ जण आले. दोघी आत बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. श्रीपादरावांनी मागचा डावा कोपरा धरला, सोपानच्या शेजारी. "हं, दमानं," म्हणत गाडी अलगद वर आली, सुनेत्राबाईंनी रेनकोटची टोपी सावरली, मॅडमनी फाइल छातीशी धरली, आणि सगळी वरात रस्त्यावर जाऊन टेकली. शालूबाई बांधावर एकट्याच इतक्या हसत होत्या की त्यांचं मनगट दुखायला लागलं.

इंजिन सुरू होतं. गाडीचं तोंड लोणावळ्याकडे होतं. सुनेत्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरचे हात काढले. "या. मी थांबते इथे. मॅडमना तुम्ही सोडून या."

दत्तोबाही म्हणाले, "जावा सायेब. ऱ्हायलेलं आमी करतो."

श्रीपादरावांनी गाडीकडे पाहिलं. ती इतकी देखणी दिसत होती की त्यांना एकदम हसू आलं. मग त्यांनी खाचराकडे पाहिलं. निम्मं राहिलं होतं, आणि ते गेले असते तर उरलेल्या तिघांना दिवस पुरला नसता. ओळ अर्धीच सोडून आलो, ही गोष्ट त्यांना आता गाडीहून जास्त टोचायला लागली होती. याला काय म्हणावं ते त्यांनाही कळेना.

"तूच ने," ते म्हणाले. "दुसरा गिअर जपून टाक." आणि ते पुन्हा चिखलात उतरले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी भोंगा ऐकला, आणि मग जुडी उचलली. ते फार, फार आनंदात होते.

संध्याकाळी सुनेत्राबाई न्यायला आल्या तेव्हा खाचर पुरं झालं होतं आणि श्रीपादरावांची कंबर सरळ होत नव्हती. दत्तोबा आणि सोपान यांनी त्यांना दोन्हीकडून उचलून, खताच्या रिकाम्या गोणीवर, डाव्या सीटवर ठेवलं. दत्तोबा म्हणाले, "फिटली बरं का, सायेब, सावड." श्रीपादराव म्हणाले, "कशी फिटली, आबा? आज पुन्हा उचललीत की." दत्तोबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "व्हय. ते बी हाय."

कामशेत मागे पडलं. मग सुनेत्राबाईंनी दुसरा गिअर अगदी सहज टाकला आणि म्हणाल्या, "उद्यापासून शाळेत मी हीच नेणार आहे."

तेव्हापासून गाडी रोज सकाळी शाळेत जाते. मुलांना तिच्या वेगाची गणितं घातली जातात आणि यशोधन सबनीस पाहुण्यांना ती "आमच्या सोसायटीची" म्हणून दाखवतात. श्रीपादरावांनी तिचा नट न् नट स्वतः आवळला आहे. रस्त्यावर मात्र त्यांनी ती आजतागायत चालवलेली नाही. परवा स्टेशनवर भेटले तेव्हा मी विचारलं, अहो, एवढा खटाटोप केलात, एकदा तरी चालवून बघा. ते लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत होते, हातात तण काढायचं नवं खुरपं होतं.

"वेळच मिळत नाही हो," ते म्हणाले. "आज बेणणी आहे."